पाना हातातून केव्हा ठेवावा?

रविवारी सकाळी दादर-माटुंग्याच्या किंवा पुण्यातील एरंडवण्याच्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारातून जाताना एक दृश्य अजूनही क्वचित दृष्टीस पडते. बोनेट उघडलेली एक फियाट, मागच्या चाकांना अडण म्हणून लावलेल्या दोन विटा, जुन्या वर्तमानपत्रावर मापाप्रमाणे ओळीने मांडलेले पाने, आणि गाडीखालून बाहेर डोकावणारे पायजम्यातील दोन पाय. हे पाय पंचविशीतल्या कारागिराचे नसतात. ते सत्तरी ओलांडलेल्या, बँकेतून, रेल्वेतून किंवा महाविद्यालयातून पंधरा-वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या गृहस्थाचे असतात. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून कोणीतरी दर दहा मिनिटांनी वाकून पाहत असते. पाय हलताहेत ना, एवढीच खात्री त्या नजरेला करून घ्यायची असते.

या दृश्याकडे पाहून काहींना कौतुक वाटते, काहींना हसू येते. घरच्यांना मात्र यांपैकी काहीही वाटत नाही. त्यांना भीती वाटते. ही भीती निराधार नाही आणि त्या गृहस्थांचा हट्टही निव्वळ हट्ट नाही, म्हणूनच या प्रश्नाचा थोडा विचार केला पाहिजे.

या पिढीने मोटारदुरुस्तीची विद्या छंद म्हणून हस्तगत केली नव्हती. परवाना-पद्धतीच्या काळात देशात खासगी मोटारी मिळून तीनच प्रकारच्या होत्या, असे म्हटले तरी चालेल: उत्तरपाड्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ च्या सुमारास 'फियाट ११००' बाहेर पडू लागली. तिच्या गोलसर, पुढे आलेल्या नाकाडामुळे मुंबईकरांनी तिचे बारसे 'डुक्कर फियाट' असे केले, आणि पुढची दारे उलट्या बाजूने उघडणाऱ्या त्या गाडीला ते नाव कायमचे चिकटले. पुढे तिची 'डिलाइट' झाली, १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली आणि २००० च्या आसपास तिचे उत्पादन थांबले. नावे बदलली, मुखवटा बदलला. पण १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर यांच्याशी एकदा ओळख झाली की ती जवळजवळ आयुष्यभर पुरत असे.

पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर जी वस्तू घरात येते ती बदलण्याचा विचार कोणी करीत नाही. ती टिकवायची असते. सुटे भाग मिळायचे तर नाना पेठेत किंवा ऑपेरा हाऊसला खेटे घालावे लागत, आणि पगारदार माणसाला दर खेपेला मिस्त्रीचे बिल परवडणारे नसे. बोरघाट चढताना मे महिन्यात पेट्रोलची नळीतल्या नळीत वाफ झाली की पंपावर ओले फडके गुंडाळून बसणे, रेडिएटर उकळला की झाकण लगेच न उघडता सावलीत वाट पाहणे, पावसाळ्यात भिजलेली वितरकाची टोपी पुसून कोरडी करणे, या गोष्टी गाडी चालवण्याच्याच भाग होत्या. ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यांनी हेच धडे स्कूटरवर गिरवले. सकाळी दहाच्या कचेरीला निघण्यापूर्वी चेतक एका कुशीवर आडवी करणारे आणि प्लग काढून पॉलिश-पेपरने घासणारे कारकून व शिक्षक आठवले, म्हणजे या विद्येचा प्रसार मोटारवाल्यांपुरता नव्हता हे लक्षात येईल.

त्या यंत्राचा एक गुण मान्य केला पाहिजे. ते समजत असे. फियाटचे बोनेट उघडले की आत काय कशाला जोडले आहे हे डोळ्यांना दिसते. इंजिनातील ठिणगी नेमक्या क्षणी पडावी म्हणून वितरकाच्या आत दोन छोटे 'पॉइंट' दर आवर्तनाला उघडतात व मिटतात. त्यांच्यातील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ते फीलर गेजच्या पोलादी पात्याने मोजतात. पाते पॉइंटांमधून ओढताना हाताला जी किंचित चिकट अडवणूक जाणवते, ती बरोबर की चूक हे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. टॅपेटचा आवाज किती असावा, कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवल्यावर इंजिनाचा स्वर 'बसतो', ॲल्युमिनियमच्या हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, किती आवळावेत, हे सारे ज्ञान बोटांत आणि कानांत साठते. चाळीस-पन्नास वर्षे ते साठल्यावर माणसाला 'आता पुरे' असे सांगणे म्हणजे त्याला एका भाषेत बोलणे बंद करायला सांगणे होय.

पांढरपेशा मराठी समाजात या भाषेला फारशी प्रतिष्ठा नव्हती, हेही नमूद करायला हवे. लेखणी धरणाऱ्या हाताने हातोडी धरू नये, असा आपला जुना संस्कार. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले तेव्हा सुशिक्षित ब्राह्मण तरुण सायकली दुरुस्त करणार, ही गोष्ट लोकांच्या पचनी सहज पडली नसणार. त्या संस्काराला न जुमानता रविवारी सकाळी नखांत काळे तेल घेऊन बसणारा, आणि सोमवारी तीच नखे खडूच्या धुळीत लपवणारा शिक्षक ही एक लहानशी सामाजिक घटनाच होती. तिचा कोणी गाजावाजा केला नाही, हे बरेच झाले.

शरीराचा हिशेब

पण हात आणि यंत्र यांच्या या सहवासात एक भागीदार हळूहळू मागे पडू लागतो. यंत्राचे झिजलेले भाग बदलता येतात. माणसाचे सगळे बदलता येत नाहीत. गंमत अशी, की ही झीज जिथे अपेक्षा असते तिथे प्रथम जाणवत नाही. ताकद कमी होते हे सर्वांना ठाऊक असते, आणि अनुभवी माणूस त्यावर तोड काढतो. पान्याला नळीचा लांब दांडा लावला की गंजलेला नटही सुटतो. नडतो तो चष्मा. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात जवळचे पाहण्याचे भिंग खालच्या बाजूला असते. पुस्तक वाचायला ते सोयीचे. पण उताणे पडून वर पाहताना डोळ्यांसमोर नेमके लांबचे भिंग येते आणि वीतभर अंतरावरचा नट धूसर दिसतो. मग मान इतकी मागे टाकावी लागते की उठताना चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना तर आडव्या स्थितीतून झटकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येणे नवे नाही.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला पत्र्याची साधी कापही तासभर त्रास देते. मधुमेह्याच्या पायाची संवेदना गेली असेल, तर सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला टेकलेला पाय त्याला स्वतःला कळत नाही, वास आल्यावर कळतो. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्याने चालू इंजिनाच्या कॉइल व प्लगच्या तारांपासून हातभर दूर राहावे, असे सांगतात. आणि प्लगची तार एकेक काढून कोणता सिलिंडर 'मारत नाही' हे पाहण्याची जुनी पद्धत तर चालू इंजिनावरच चालते. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडला की आतली धूळ फुंकरीने उडवायची, ही सवय या पिढीने तरुणपणी लावून घेतली, तेव्हा तिला कोणी हटकले नाही. आता तरी ओल्या फडक्याने ती धूळ पुसून घ्यावी.

सर्वांत गंभीर गोष्ट जॅकची. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नसतो. हे वाक्य प्रत्येक जाणत्या माणसाला पाठ असते, आणि 'दोनच मिनिटांचे काम आहे' या सबबीवर ते सर्वाधिक मोडले जाते. फियाटचे वजन टनाच्या आसपास. जॅकखालची जमीन भुसभुशीत असली, फरशी निसटली, हँडब्रेक सैल असला, तर तरुण माणसालाही बाहेर सरकायला वेळ मिळत नाही. मग सांधे आखडलेल्याची गोष्टच सोडा. गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवल्याशिवाय, आणि हाकेच्या अंतरावर दुसरे माणूस असल्याशिवाय, पंचाहत्तरीच्या गृहस्थाने गाडीखाली जाऊ नये. या बाबतीत घरच्यांचा हट्ट पूर्णपणे योग्य आहे. तेथे अनुभवाचा दाखला देणे गैर आहे, कारण अपघात अनुभवी माणसांचेच होतात. अननुभवी माणूस मुळात गाडीखाली जातच नाही.

कायद्याची यात एक मजेशीर उणीव दिसते. पंचावन्न वर्षांवरील चालकाला परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. पंधरा वर्षे पुरी झालेली मोटारही दर पाच वर्षांनी निरीक्षकापुढे उभी करावी लागते. म्हणजे माणूस तपासला जातो आणि गाडी तपासली जाते. पण त्या माणसाने त्या गाडीवर मधल्या पाच वर्षांत जे काम केले ते कोणीच तपासत नाही. कार्बोरेटर चुकीचा लागला तर गाडी धूर ओकेल, मालकाचे पेट्रोल जाईल. ब्रेकचे तसे नाही. मास्टर सिलिंडरमधील रबराची वाटी उलटी बसली, किंवा नळीतली हवा पुरती निघाली नाही, तर त्याची किंमत चौकात रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलेही मोजू शकतात. थरथरणाऱ्या हातांनी केलेले ब्रेकचे काम ही खासगी बाब राहत नाही. ते काम स्वतः करावे की नाही, याहून ते झाल्यावर दुसऱ्या जाणत्या डोळ्यांखालून घालावे, हे अधिक महत्त्वाचे. आणि येथेच खरी अडचण सुरू होते.

दुसरे डोळे कोठून आणायचे?

'बाबा, आता गॅरेजला देऊन टाका', असे मुलगा सांगतो. तो वडिलांची काळजी करतो, पण गॅरेजला देणे म्हणजे कोणाला देणे, याची त्याला कल्पना नसते. आजच्या गॅरेजमधला मुलगा हुशार असतो; तो गाडीला यंत्र जोडतो, पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो, आणि तो भाग बदलला जातो. फियाटला असे यंत्र जोडायला जागाच नाही. पॉइंट, कंडेन्सर, चोक हे शब्द त्याने ऐकलेले असतात, हाताळलेले नसतात. ज्याने ते हाताळले होते तो मिस्त्री मालकाबरोबरच म्हातारा झाला आहे.

या मिस्त्रीचा उल्लेख अशा लेखांतून सहसा येत नाही. मालकाला निवृत्तिवेतन आहे. त्याला पाना ठेवायचा की नाही हा प्रश्न मानसिक आहे. मिस्त्रीने लहानपणी उस्तादाकडे चहा आणण्यापासून सुरुवात केली, गुडघे सिमेंटवर घासले, फुफ्फुसांत तीच ब्रेकची धूळ घेतली. त्याच्या बोटांचे सांधे मालकाच्या दहा वर्षे आधी आखडले. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि त्याचे ज्ञान घेणारा शागीर्दही नाही, कारण मुलाने त्या धंद्यात पडू नये म्हणून तोच धडपडला. उतारवयात स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्याच्या स्वावलंबनाचे कौतुक करताना, ज्यांच्याकडून त्याने अर्धी विद्या उचलली त्या माणसाला थांबण्याची मुभाच नव्हती, ही गोष्ट विसरता कामा नये.

सुट्या भागांचीही तीच कथा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी फियाटचा बाजार इतकी वर्षे जिवंत ठेवला होता. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर ऑइल-सीलपासून दाराच्या मुठीपर्यंत सर्व काही कुर्ल्याला किंवा चोरबाजारात मिळत असे. हौशी मालक टॅक्सीवाल्यांच्या मागणीच्या आडोशाने आपली गरज भागवीत होते. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि तो आडोसा गेला. जी दुकाने उरली त्यांतील माल शिल्लक साठ्याचा. नवा म्हणून विकत घेतलेला रबरी वायसर वीस वर्षे फळीवर पडून कडक झालेला निघतो.

त्यातच पेट्रोल बदलले. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि दोन-तीन वर्षांत ते सर्वत्र रूढ झाले. या धोरणाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परंतु इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदा त्याने फुगतो किंवा चिरतो, गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत गंज धरतो. इंजिनाच्या उष्णतेत चिरलेली पेट्रोलची नळी म्हणजे आगीला आमंत्रण. पन्नास वर्षांत जे शिकलो ते पुरेसे आहे, असे समजणाऱ्या गृहस्थाला पंचाहत्तराव्या वर्षी नळ्यांचे नवे प्रकार अभ्यासावे लागतात. बरेच जण ते आनंदाने करतात, आणि त्यांच्या बुद्धीला आलेली टवटवी पाहून डॉक्टरही काही बोलत नाहीत.

कायद्याने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात ठेवलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अशा गाडीचा नित्य वापर करता येत नाही. प्रदर्शनाला न्यावी, मिरवणुकीत न्यावी, दुरुस्तीला न्यावी. ज्यांच्याकडे चारपाच गाड्या आहेत त्यांना हे सोयीचे आहे. ज्याची एकच फियाट आहे, आणि जो तिच्यातून भाजी आणतो व पत्नीला डोळे तपासायला नेतो, त्याला गाडी अशी देव्हाऱ्यात बसवणे नको असते. तिची दुरुस्ती तिच्या वापरासाठी असते. वापर थांबला की दुरुस्तीलाही अर्थ उरत नाही. कापडाखाली झाकून विटांवर चढवलेल्या, 'पुढच्या महिन्यात काम काढतो' म्हणत दहा वर्षे उभ्या असलेल्या गाड्या प्रत्येक पेठेत सापडतात. त्यांच्या मालकांनी पाना ठेवलेला नाही, पण उचललेलाही नाही. ही अवस्था सर्वांत वाईट. पुनर्विकासाच्या यादीत सोसायटीचे नाव लागले, की अशा गाडीचा निकाल दुसरेच कोणीतरी लावते. आणि नव्या इमारतीच्या वाहनतळावर तेल सांडण्याची कोणाची प्राज्ञा नसते.

तेव्हा वयाचा आकडा ठरवून सर्व कामे एकदम सोडण्यात शहाणपण नाही. कामे एकेक करून सोडावीत. इंजिन उतरवणे, गिअरबॉक्स काढणे, जडशीळ बॅटरी एकट्याने उचलणे ही कामे साठीतच दुसऱ्याच्या हाती जावीत. गाडीखालची कामे सत्तरीनंतर सोबतीशिवाय करू नयेत. पॉइंट, प्लग, कार्बोरेटर, टॅपेट ही उभ्याने, उजेडात, स्टुलावर बसून करायची कामे. ती हात स्थिर असेपर्यंत खुशाल करावीत, आणि हात स्थिर नाही हे ज्याला पात्याच्या स्पर्शावरून कळते त्याला ते दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

राहता राहिले ब्रेक. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. अनेक घरांत पेडलवरचे माणूस पन्नास वर्षे तेच राहिले आहे. 'दाब... धर... सोड', अशी खालून आज्ञा येते. 'अहो, अजून मऊच लागतंय', असे वरून उत्तर जाते. आणि त्या उत्तरावरच पुढचे सारे अवलंबून असते. पेडल किती खाली गेल्यावर कडक होते याचा निवाडा त्या बाईंच्या पायाने इतकी वर्षे केला, तरी त्यांच्या हातात पाना देण्याचा विचार फारशा कोणाला सुचला नाही. दुसरे जाणते डोळे नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी यावर थोडे थांबून पाहायला हरकत नाही.

आता काही घरांत त्या जागी नात बसते. ती अभियांत्रिकीला असेलच असे नाही. वाणिज्य शाखेची असेल, सुट्टीपुरती आली असेल. बॅटरी धरायला म्हणून ती येते आणि तासाभराने तिच्या हातात फीलर गेज असते. 'आजोबा, पातं अडकतंय', असे ती म्हणते. 'नुसतं अडकायला नको, ओढताना जरासं लागायला हवं', असे आजोबा स्टुलावरून सांगतात. ती पुन्हा स्क्रू सैल करते. गॅलरीतून वाकून पाहणारे माणूस आज थोडे कमी वेळा येते, आणि खाली चहा पाठवून देते.